जासूसी पिक्चर, मामांच्या कॅसेटी आणि घासलेल्या जागा – प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

आजपासून नोंदी ठेवते. मामांची व्हिडिओ लायब्ररी होती नागपूरच्या गोकुळपेठेत, १९८२ च्या एशियाडनंतर वर्षाभरात सुरू केलेली, मग केबल आलं, मग सीडी आली, तसतसा धंदा बसत गेला आणि शेवटी शटर ओढलं. तेव्हापासून कॅसेटी घरी वरच्या खोलीत खोक्यांमध्ये आहेत. आता मामींना ती खोली रिकामी पाहिजे, भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं, मी म्हटलं बाकीचं काय करायचं ते करा पण जासूसी पिक्चरांची खोकी मला द्या. मामा म्हणाले, "ने पोरी, पण चालतील का नाही ते काही सांगता येत नाही."

काम नेमकं काय ते इथेच लिहून ठेवते म्हणजे भरकटणार नाही. हे पिक्चर आज डिस्कवर चांगल्या प्रिंटमध्ये मिळतात, तेव्हा कॅसेटवरून पिक्चर वाचवायचा वगैरे प्रश्नच नाही. मला बघायचंय ते वेगळं. शॉन कॉनरीचे जेम्स बाँडपट, हिचकॉकचे, आपले जितेंद्र-धर्मेंद्रचे, हे सगळे कॅसेटवर चालले, व्हीसीडीवर चालले, डीव्हीडीवर चालले, ब्लू-रे आली तर त्यावरही निघाले, आणि दर वेळी लोक हौसेनं परत घेतात. त्याच काळातले कितीतरी मोठमोठे पिक्चर एकदा बघून लोक विसरले. मग ह्यांच्यात असं काय आहे की घरी पुन्हा पुन्हा लावावेसे वाटतात? मामांच्या कॅसेटी नागपूरच्या लोकांनी वर्षानुवर्षं घरी नेल्यात, रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्यानं आणून अख्खी गल्ली एका खोलीत बसवून बघितल्यात, त्याची काहीतरी खूण त्या रिळांवर राहिली असणारच.

११ जानेवारी

साफसफाई. एका खोक्याला पावसाळ्यात ओल लागलेली, त्यातल्या कॅसेटींच्या रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी आहे. त्या वेगळ्या काढल्या, कारण बुरशीवाली कॅसेट एकदा मशीनमध्ये घातली की हेडवर, म्हणजे रीळ वाचणाऱ्या भागावर, ती बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाकी खोकी कोरडी होती, चांगली निघाली.

व्हीसीआर इतवारीतल्या रिपेअरवाल्या काकांकडून घेतला. नवीन मशीन आता मिळतच नाही, शेवटपर्यंत बनवणारी फुनाई नावाची जपानी कंपनी होती तिनंही २०१६ च्या जुलैत बंद केलं. काकांनी बेल्ट बदलला, रबर रोलर बदलला आणि हेड कसं पुसायचं ते समोर बसवून शिकवलं. कापूस अजिबात नाही, धागे अडकतात. शामीच्या (मऊ चामड्याच्या) तुकड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर, नुसता टेकवून धरायचा आणि ड्रम वरून हातानं हळू फिरवायचा, वर-खाली घासायचं नाही, नाहीतर हेडची टोकं तुटतात.

आणि जाता जाता काका जे बोलले त्यानं माझ्या सगळ्या कामाला दिशाच मिळाली. म्हणाले, "बेटा, रीळ सगळीकडे सारखं घासत नाही." पॉज केलं की रीळ थांबतं पण ड्रम फिरतच राहतो, हेड त्याच एका जागेवर घासत राहतात. चित्र दिसत असताना मागे-पुढे केलं तरी रीळ हेडला चिकटलेलंच असतं. आणि स्टॉप करून परत प्ले केलं की मशीन रीळ कॅसेटमधून बाहेर ओढून ड्रमला गुंडाळतं, त्या ओढाताणीत बारीक सुरकुती पडते. म्हणजे लोकांनी जिथे जिथे थांबवलं, मागे घेतलं, परत बघितलं, तिथे तिथे टीव्हीवर मुंग्या येणार, पट्टे येणार. प्रेक्षकांना काय आवडलं ह्याची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवलीय आणि कोणी ती वाचलेली नाही!

१४ जानेवारी

संक्रांत. दिवसभर गच्चीवर पतंगवाल्यांचा दणका, आवाजात काही ऐकू येत नाही, काम नाही. संध्याकाळी तिळगूळ द्यायला मामा आले तेव्हा जुनं रजिस्टर घेऊन आले. कॅसेट नंबर, नेली कधी, आणली कधी. बाँडच्या नंबरांसमोर शनिवारच्या तारखांची रांगच आहे.

१९ जानेवारी

पहिली कॅसेट 'गोल्डफिंगर', १९६४ चा बाँडपट, गोल्डफिंगर हे त्यातल्या खलनायकाचं नाव. कॉपीची कॉपी आहे हे बघताक्षणी कळतं, लाल रंग ओठांच्या बाहेर सांडतो, चेहरे सगळे मऊ. शेजारी लॅपटॉपवर ब्लू-रे लावली, सीन जुळवायला. इथे एक हिशोब लागतो, डिस्कवर पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो आणि आपल्या टीव्हीची जुनी पाल सिस्टिम २५ फ्रेमची, म्हणून कॅसेटवर सगळं ४ टक्के पळतं. ११० मिनिटांचा पिक्चर १०५ मिनिटांच्या जरा वर संपतो आणि आवाजही किंचित चढतो. कॉनरीचा आवाज आमच्या पिढीनं बारीकच ऐकलेला आहे.

सुरुवातीचा भाग जवळपास स्वच्छ. मग अर्ध्याच्या जरा आधी, रात्रीचा कारखान्याचा पाठलाग, बाँडची गाडी अॅस्टन मार्टिन डीबी ५, शेजारी बंदूकवाला बसलेला, गिअरच्या दांड्याचं टोपण उघडतं, लाल बटण, आणि तिथे चित्र फाटतं! पट्टेच पट्टे, आवाज डुबतो, तीन-चार सेकंदांनी परत सरळ. कॅसेट बाहेर काढून झाकण उचलून टेबललॅम्पखाली बघितलं तर रिळाला आडव्या बारीक सुरकुत्या, एक नाही कितीतरी. खुर्चीसकट माणूस छपरातून बाहेर उडतो तो सीन, नागपूरकरांनी किती वेळा मागे घेतला असेल तो, आणि कोणकोणत्या घरात.

तो सीन आहे जेमतेम काही सेकंदांचा. पण त्याची तयारी खूप आधीच होते, बाँडला यंत्रं बनवून देणारा क्यू गाडी दाखवतो, फिरणारी नंबरप्लेट, धूर, तेल, मागची गोळीबंद ढाल, आणि सगळ्यात शेवटी ह्या बटणाबद्दल सांगतो तेव्हा बाँडला थट्टाच वाटते. क्यू म्हणतो कामाच्या बाबतीत मी थट्टा करत नाही. मग कितीतरी वेळ आपण वाट बघत बसतो की हा ते बटण दाबणार कधी. थिएटरमध्ये ते एकदा होतं आणि संपतं. घरी लगेच मागे घेऊन परत उडवता येतो, आणि दुसऱ्यांदाही तेवढीच मजा येते कारण काय होणार हे माहीत असतं आणि ते कसं केलंय ते बघायचं असतं. मला वाटतं सगळ्या प्रश्नाचं मूळ इथेच कुठेतरी आहे.

दुसरी घासलेली जागा एकदम शेवटी, फोर्ट नॉक्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सोन्याच्या तिजोरीत, बॉम्बचा उलटा मोजणारा आकडा थांबतो तिथे. आकडा ००७ वर थांबतो. पण लगेच पुढे बाँड म्हणतो की आणखी तीन टिकटिक झाल्या असत्या तर गोल्डफिंगरचं काम झालं असतं. तीन कशा? कारण आधी आकडा ००३ वर थांबणार होता, नंतर बदलून ००७ केला आणि संवाद तसाच राहिला. थिएटरमध्ये हे कोणाच्या लक्षात येणार? पॉजचं बटण असल्याशिवाय हे दिसतच नाही. आणि ते फोर्ट नॉक्सचं आतलं दृश्य, सोन्याच्या विटांचे छतापर्यंत ढीग, ते सेट रचणाऱ्या केन अॅडमनं पूर्णपणे कल्पनेनं उभं केलंय, खऱ्या तिजोरीत आत कोणाला जाऊच देत नव्हते. खरी तिजोरी अशी असूच शकत नाही, एवढं जड सोनं कोण इतकं उंच रचेल, पण बघताना एक क्षणही शंका येत नाही.

२६ जानेवारी

बाँडचाच 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस', १९६७. ह्या कॅसेटवर घासलेल्या जागा जवळपास नाहीतच, आणि रजिस्टरमध्ये नेल्याच्या तारखा तर भरपूर आहेत. म्हणजे लोकांनी नेला, बघितला, परत आणून दिला, मागे घेतला नाही. काहून?

दोन संध्याकाळ डिस्क आणि कॅसेट शेजारी शेजारी लावली तेव्हा कारण दिसलं. 'थंडरबॉल' पासून बाँडपट रुंद पडद्याचे झाले, पॅनाव्हिजन, रुंदी उंचीच्या २.३५ पट. जुन्या टीव्हीची रुंदी उंचीच्या १.३३ पट. पूर्ण काच भरायची म्हणून दोन्ही बाजू कापल्या की चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग गेलाच. ह्या पिक्चरचा जीव कशात आहे तर ज्वालामुखीच्या पोटातल्या अड्ड्यात, पाइनवूड स्टुडिओत अॅडमनं बांधलेला, दहा लाख डॉलर खर्च, म्हणजे १९६२ चा पहिला 'डॉक्टर नो' अख्खा जवळपास जेवढ्यात झाला तेवढा पैसा एका सेटवर. कॅसेटवर तो सेट दिसतच नाही! अर्धी शिडी, अर्धं रॉकेट, दोरीवरून उतरणारी माणसं एका कडेनं येतात आणि दुसरीकडे नाहीशी होतात. डिस्कवर तेच लावलं आणि माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही, इतकी माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेनं धावतायत आणि मोनोरेलसुद्धा फिरतेय.

तेव्हा ज्या सीनमधली कारागिरी छोट्या टीव्हीवर टिकली तो लोकांनी मागे घेतला, आणि जी कापली गेली ती कुणी मागितलीही नाही, कारण ती आहे हेच माहीत नव्हतं. म्हणून डीव्हीडी आल्यावर पूर्ण रुंदीचं चित्र बघून लोकांना तोच पिक्चर नवीन वाटला असणार. २००६ मध्ये ह्या सगळ्या बाँडपटांच्या मूळ निगेटिव्ह स्कॅन करून लाउरी डिजिटल ह्या कंपनीनं धूळ-ओरखडे काढून नवीन डीव्हीडी निघाल्या, ते काम फार जीव लावून केलेलं आहे, माझ्याकडची डिस्क त्यातूनच पुढे आलेली.

ह्याच नादात एक गंमत सापडली. सुरुवातीला बंदुकीच्या नळीतून दिसणारा तो चालत येऊन गोळी झाडणारा माणूस, पहिल्या तीन पिक्चरांत कॉनरी नाहीच, बॉब सिमन्स नावाचा स्टंटमन आहे. पडदा रुंद झाल्यावर ते परत शूट करावं लागलं आणि तेव्हा कॉनरी आला. तिन्ही डिस्क लावून पॉज केलं, चाल बघितली, हो, चाल वेगळी आहे.

२ फेब्रुवारी

आजची कॅसेट 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', १९६३ चा बाँडपट. सगळ्यात समाधान देणारी.

रेल्वेच्या डब्यातली कॉनरी आणि खलनायक झालेल्या रॉबर्ट शॉची मारामारी घासलेली असणार हे बघायच्या आधीच मामा सांगून मोकळे झाले होते, आणि आहेच, तो सगळाच तुकडा मुंग्यांनी भरलेला. गाणं नाही, पार्श्वसंगीत नाही, नुसत्या दोन माणसांच्या श्वासाचा, लाकडाचा आणि गाडीचा आवाज. पीटर हंटनं एडिट केलंय, तुकडे इतके छोटे की डोळा एक पकडतो तोवर दुसरा आलेला असतो.

पण मला खरी चकित करणारी जागा त्याच्या तासभर आधीची. लंडनच्या ऑफिसात बाँडला ब्रीफकेस देतात तो सीन. तिथे काही मारधाड नाही, एक माणूस टेबलापाशी उभा राहून बॅग समजावून सांगतो, आत सुरी आहे, ५० सोन्याची नाणी आहेत, घडीची बंदूक आहे, टाल्कम पावडरच्या डब्यात अश्रुधूर आहे, खटके आडवे फिरवूनच बॅग उघडायची नाहीतर डबा तोंडावर फुटेल. तिथे रिळाला सुरकुत्या आहेत. लोक रेल्वेतली मारामारी बघून झाल्यावर एवढं मागे जाऊन ही बॅग परत बघत होते! गाडीत शॉ बंदूक रोखून उभा असताना बाँड नाण्यांची लालूच दाखवतो, शॉ बॅग उघडतो, धूर फुटतो, सुरी कामी येते, सांगितलेलं एकही वाया जात नाही. तेव्हा मधेच कोणीतरी म्हणालं असेल थांब थांब, हे त्यानं आधी सांगितलं होतं का? लाव बरं मागे.

मामांना विचारलं तर म्हणाले ही कॅसेट नेहमी मधेच थांबलेली परत यायची, रिवाइंड मलाच करावी लागायची.

आणि गाडीत जेवताना शॉनं केलेली ती माशाबरोबर लाल वाइन मागवण्याची चूक. इथे कोणाला ठाऊक असणार माशासोबत कोणती वाइन घेतात, आपल्याकडे मासा म्हटलं की रस्सा. तरी पुढे बाँड स्वतः बोलून दाखवतो की मला तिथेच कळायला पाहिजे होतं, आणि दुसऱ्यांदा बघताना ते आपल्यालाही आधीच दिसतं. एकदा बघणाऱ्यालाही पूर्ण आणि परत बघणाऱ्यालाही काहीतरी जास्तीचं, असं विणलेलं काम आहे हे.

९ फेब्रुवारी

हिंदी. 'फर्ज' १९६७, जितेंद्र म्हणजे एजंट ११६, तेलुगू 'गुढाचारी ११६' वरून केलेला, दोन्हीत बाँडचा वारा स्पष्ट. 'आँखें' १९६८, रामानंद सागरांचा, तेच पुढे 'रामायण'वाले, ह्या पिक्चरसाठी त्यांना दिग्दर्शनाचा फिल्मफेअर मिळाला. 'सुरक्षा' १९७९, मिथुनचा गनमास्टर जी-९.

घासण्याची जागा इथे वेगळी. 'फर्ज' मध्ये जासूसी सीन चांगल्या अवस्थेत आणि गाणी पार उधडलेली, पांढरे बूट घातलेल्या जितेंद्रचं गाणं तर जवळजवळ दिसतच नाही. लग्नाकार्यात तेवढंच लावत असतील. 'सुरक्षा' मध्ये मात्र यंत्रं आणि अड्डा असलेल्या जागा घासल्यात. 'फर्ज' आणि 'सुरक्षा' दोन्ही रविकांत नगाइच यांचे, ते मुळात ट्रिक फोटोग्राफीचे कॅमेरामन, कमी पैशात मॉडेल आणि कॅमेऱ्याच्या युक्त्या करून दाखवणारे. ह्या माणसाच्या कामाकडे कोणी नीट लक्ष दिलं नाही असं मला मनापासून वाटतं. आणि त्यांच्या पिक्चरांच्या चांगल्या डिस्क नाहीत ह्याचं फार वाईट वाटतं, बाँडच्या निगेटिव्हला जी माया मिळाली तिचा दहावा हिस्सा तरी मिळायला हवा होता.

१६ फेब्रुवारी

हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट', १९५९. मामांकडे ह्याची कॅसेट कमी गेली, रजिस्टरमध्ये फार नोंदी नाहीत, त्यामुळे घासलेली जागा एकच, शेतातलं फवारणीचं विमान. कितीतरी मिनिटं पार्श्वसंगीत नाहीच, बर्नार्ड हरमनचं संगीत विमान टँकरवर आदळल्यावरच सुरू होतं. कॅरी ग्रँट सुटाबुटात, चारी बाजूला मोकळं रान. लपायला जागा नसताना भीती दाखवणं हे सगळ्यात अवघड आणि ते भरदुपारच्या उन्हात केलंय.

डिस्कवर मात्र एक गोष्ट बघितली जी कॅसेटवर दिसूच शकत नाही. माउंट रशमोरच्या कॅफेटेरियात इव्हा मेरी सेंट बंदूक काढते, त्याच्या आधीच मागच्या टेबलावरचा एक छोटा मुलगा कानात बोटं घालून बसलेला. बिचाऱ्याला आधीच्या टेकमुळे माहीत होतं की आवाज होणार. कॅसेटच्या मऊ चित्रात तो नुसता एक ठिपका. आता तर हा पिक्चर फोरके डिस्कवरही, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक चित्राच्या डिस्कवर, आलाय, त्यात त्याची बोटंसुद्धा मोजता येतील.

२३ फेब्रुवारी

घरी लावला, खरेदी केलेल्या डिस्कवरून, रॉजर मूरचा बाँडपट 'ऑक्टोपसी'. मामा-मामी, वरच्या मजल्यावरचे काका-काकू आणि त्यांचा सातवीतला नातू. १९८३ चा, म्हणजे मामांच्या धंद्याच्या सुरुवातीच्या दिवसांतला, उदयपूर, लेक पॅलेस, कबीर बेदी आणि विजय अमृतराज. ऑटोच्या पाठलागात अमृतराज रॅकेटनं माणसं मारतो आणि बघ्यांच्या माना टेनिस बघितल्यासारख्या इकडून तिकडे फिरतात. माझ्या मते हा कॉनरीच्या पिक्चरांच्या जवळपासही येत नाही, हिंदुस्थान दाखवायचा म्हणून साप, खिळ्यांची गादी, सगळं एकाच बाजारात कोंबलंय. पण तो पाठलाग छान रचलाय हे मान्य करावंच लागेल.

नातू आधी मोबाइल घेऊनच बसला होता. ऑटो उडाली तसा मोबाइल खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, मागे घ्या नं."

मामा म्हणाले, "बघ, हेच. हेच सगळे म्हणायचे."

२ मार्च

एक शंका सुरुवातीपासून डोक्यात होती ती आज मिटवली. ह्या सगळ्या कॉपीच्या कॉपी आहेत, तर घासलेली जागा मामांच्या ग्राहकांनी घासली की मूळ कॅसेटवरच खराब होती आणि खराबच उतरली? रिळावर सुरकुत्या डोळ्यांना दिसतात तिथे प्रश्न नाही, सुरकुती कॉपी होत नाही, ती ह्याच रिळाची. नुसते पट्टे आहेत आणि रीळ गुळगुळीत आहे तिथे मात्र ते वरून आलेलं असू शकतं, त्या जागा मी नोंदींतून काढून टाकल्या. बरंच गळलं पण ब्रीफकेस, उडणारी खुर्ची आणि रेल्वे टिकली.

पक्कं करायला दुसऱ्या लायब्ररीची कॅसेट हवी होती. मामांचे एक जुने धंद्यातले मित्र कामठीला दुकान चालवायचे, त्यांच्याकडून 'गोल्डफिंगर' मिळाली. खुर्चीचा सीन तिथेही उधडलेला, सुरकुत्यांसकट. ००७ चा आकडा मात्र चांगला. आणि एक नवीनच जागा, जी मामांच्या कॅसेटवर कोरी आहे, गोल्फचा सामना. गोल्डफिंगरचा चेंडू हरवतो, त्याचा नोकर पँटच्या पायातून गुपचूप दुसरा टाकतो, खरा चेंडू बाँडच्या बुटाखाली आहे, मग बाँड चेंडू बदलतो, स्लॅझेंजर १ च्या जागी ७, आणि शेवटी चुकीचा चेंडू खेळलास ह्या नियमावर गोल्डफिंगरला हरवतो. शांत सीन आहे, कोणाला इजा नाही, पण नीट लक्ष दिलं नाही तर कोणी कोणाला कसं फसवलं ते कळत नाही. कामठीला छावणी, गोल्फ कळणारी लष्करी माणसं तिथे कॅसेटी नेत असतील, त्यांनी हा तुकडा मागे-पुढे करून चेंडूवरचा आकडा वाचायचा प्रयत्न केला असेल असा माझा अंदाज. कॅसेटवर तो आकडा वाचता येत नाही, मी बघितलं, पांढरा डाग दिसतो फक्त. डिस्कवर स्वच्छ वाचता येतो.

पुढचं काम: कामठीच्या काकांकडे 'फ्रॉम रशिया' आहे का ते विचारायचं, ब्रीफकेसची जागा ताडून बघायची. 'आँखें' ची कॅसेट अजून साफ व्हायची आहे. आणि वरच्या मजल्यावरच्या नातवाला पुढच्या रविवारी 'गोल्डफिंगर' बघायचाय, रिमोट त्याच्याच हातात द्यायचा आणि तो कुठे कुठे मागे घेतो ते लिहून ठेवायचं.